जुना तंबोरा घेतांना

पुण्या-मुंबईंतील एखादें बिऱ्हाड जागा बदलतें, आजोबांची खोली रिकामी होते, आणि तेथल्या कोपऱ्यांत कित्येक वर्षें खोळींत उभा असलेला तंबोरा उजेडांत येतो. घरांत गाणारें कोणी उरलेलें नसतें. जें गातें तें इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर भागवितें. मग तंबोरा विकावयास निघतो. दुसऱ्या एखाद्या घरीं मुलगी चार-पांच वर्षें गाणें शिकलेली असते, आतां खरा तारांचा तंबोरा पाहिजे असें गुरूंनीं सांगितलेलें असतें, आणि नव्याची किंमत ऐकून वडिलांची नजर जुन्याकडे वळते. या दोन घरांची गांठ पडते तेव्हां पारख बहुधा दोघांनाहि नसते. विकणारा दांडीवरची वेलबुट्टी दाखवितो, घेणारा ती पाहतो, आणि किंमत तेवढ्यावर ठरून जाते.

वेलबुट्टीचा आवाजाशीं कांहीं संबंध नाहीं. तंबोऱ्याचें काम एकच आहे: गाणाऱ्याच्या मागें अखंड सूर धरून ठेवणें. म्हणून त्यांतील कोणता दोष दुरुस्त होण्यासारखा आहे आणि कोणता नाहीं, एवढें ज्याला कळलें त्याची फसगत सहसा होत नाहीं.

दुरुस्त न होणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे तंबोऱ्याचें माप. पुरुषी तंबोरा काळी एक किंवा काळी दोन यांच्या आसपासच्या षड्जासाठीं बांधलेला असतो; त्याची उंची साडेचार-पांच फूट भरते आणि भोपळाहि मोठा असतो. जनानी तंबोरा आखूड, भोपळ्यानें लहान, आणि पांढरी पांच वा काळी चार यांच्या जवळपास बोलणारा. आजोबांचा तंबोरा नातीसाठीं काळी एकवरून काळी चारपर्यंत चढवावयाचा, म्हणजे षड्जाचा पंचम करावयाचा. त्याच तारेवर एवढा सूर चढविण्यास ताण सव्वादोनपट करावा लागतो. चारहि तारांचा तो वाढलेला भार घोडी, तबली आणि दांडी यांनीं वर्षानुवर्षें सोसावयाचा! तारा बारीक घातल्या तर भार कमी होतो खरा, पण मोठ्या भोपळ्याला त्या हालवूं शकत नाहींत आणि आवाज किरटा होतो. उलट, लहान तंबोरा पुरुषाच्या सुरांत उतरविला तर तारा सैल पडून लटपटतात. तेव्हां ज्याच्या गळ्यासाठीं वाद्य घ्यावयाचें त्याला बरोबर न्यावें आणि त्याच्याच सुरांत तें लावून पाहावें.

महाराष्ट्रांत हातीं येणारे जुने तंबोरे बहुतेक मिरजेचे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथील शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे कारागीर, शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचें नांव या परंपरेच्या आरंभीं घेतलें जातें. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेंतच राहिले आणि १९३७ सालीं वारल्यावर तेथल्याच दर्ग्याच्या आवारांत त्यांचें दफन झालें. २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें “अस्सल मिरजेचा” हे शब्द विकणाऱ्याच्या तोंडीं आतां अधिकच येऊं लागतील. परंतु मिरजेचा चांगला तंबोराहि ओलसर खोलींत वाईट होतो, हें ध्यानांत ठेवावें.

मिरजेकडे भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें. ते खाण्याच्या जातीचे नव्हत; कित्येक महिने वाळवून त्यांचें कवच कठीण झाल्यावर कापले जातात. पाहणीस बसतांना वाद्य आडवें मांडीवर घ्यावें आणि बोटाच्या पेरानें भोपळ्यावर सर्व बाजूंनीं हलकेंच वाजवावें. निकोप जागीं आवाज भरीव व सारखा येतो. जेथें तडा आहे तेथें फुटक्या मडक्यासारखा येतो. रंगरोगणाखालीं झांकलेला तडा डोळ्यांना दिसत नाहीं, पण पेराला कळतो. बारीक छिद्रें आणि त्यांतून गळणारी पिवळट भुकटी दिसली तर कीड लागली आहे असें समजावें व वाद्य परत करावें. एखादा जुना, नीट सांधलेला तडा मात्र भिण्यासारखा नसतो. कित्येक नामांकित गवयांचे तंबोरे आगगाडीच्या प्रवासांत फुटून पुनः सांधलेले आहेत.

भोपळ्याच्या तोंडावर बसविलेल्या लांकडी पडद्याला तबली म्हणतात. ही बहुधा तुणीच्या लांकडाची असते आणि मध्यें किंचित फुगीर असते. तिच्यावर घोडीच्या बाजूनें एक सरळ पट्टी आडवी धरावी. फुगवटा जाऊन तेथें खळगा पडला असेल तर तबली बसली असें म्हणतात. बसलेली तबली बदलतां येते. परंतु बदलल्यावर जें वाद्य घरीं येतें तें निराळेंच असतें, आणि खर्चहि थोडा नसतो.

दांडी पाहण्याची रीत सुताराच्या फळी पाहण्यासारखी: खुंट्यांकडून एक डोळा मिटून भोपळ्याकडे पाहावें. तंबोऱ्याला पडदे नसल्यामुळें अल्पशी कमान चालते, पीळ चालत नाहीं. दांडी भोपळ्याला जेथें मिळते त्या गळ्याच्या सांध्याकडे अधिक लक्ष द्यावें. सैल तारांत हा सांधा मिटलेला दिसतो. तारा सुरांत चढवून, तंबोरा अर्धा तास तसाच ठेवून, मग पाहिलें तर नखाएवढी फट उघडलेली आढळते. त्या अर्ध्या तासांत चहा घ्यावा. घाई करणाऱ्या विक्रेत्याकडून तंबोरा घेऊं नये. खुंट्या घसरत असतील तर त्याचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. खडू लावून बहुधा भागतें, न भागल्यास नव्या खुंट्या बसवितां येतात.

आतां आवाज. येथेंच मोठमोठे फसतात. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अतिशय सौम्य उतार असतो. छेडलेली तार कंप पावतांना या उतारावर टेकते आणि सुटते. त्या स्पर्शानें मूळ स्वराबरोबर वरचे अनेक उपस्वर जागे होतात. हीच जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधांत या घोडीचा विचार केला. तार ज्या बिंदूवर छेडावी तेथें ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदु पडतो, ते उपस्वर युरोपांत मान्य असलेल्या नियमाप्रमाणें ऐकूं येऊं नयेत. तंबोऱ्यांत ते स्वच्छ ऐकूं येतात, असें त्यांनीं दाखविलें. परंतु वर्षानुवर्षें घासून तारेखालीं बारीक चरे पडतात आणि जवारी बंद होते. कुशल कारागीर माथा पुनः घांसून ती काढून देतो. म्हणून कोपऱ्यांत पडलेला तंबोरा मुका वाटला एवढ्यावरून तो टाकूं नये. आणि कालच जवारी काढून आणलेला तंबोरा झंकारला म्हणून तो घेऊंहि नये. दोन्ही ठिकाणीं ऐकूं येते ती घोडी. भोपळा आणि तबली अजून बोललेलींच नसतात.

त्यांना बोलतें करण्याचा उपाय सोपा आहे. घोडीवर तारेखालीं जें सूत सरकविलेलें असतें तें चारहि तारांचें काढून टाकावें आणि एकेक तार छेडून तिचा नुसता सूर ऐकावा. पंचम, जोडाच्या दोन तारा आणि शेवटचा पितळी खर्ज, यांचा आवाज सारख्या वजनाचा असावा. खर्ज छेडल्यावर तो किती वेळ टिकतो हें शांतपणें मोजावें. खर्ज लवकर विझत असेल तर दोष बहुधा अंगांत आहे, आणि त्यावर जवारीचा इलाज चालत नाहीं. खर्ज टिकला तर सूत पुनः घालून, मणी सरकवून, तंबोरा नीट मिळवावा. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यांत कोणींहि न छेडलेला गांधार ऐकूं येतो; तो खर्जाचा पांचवा उपस्वर होय. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तो ऐकण्यासाठींच शिकणाऱ्या मुलीला बरोबर नेलेलें असतें.

एक सूचना कायद्याची. जुन्या तंबोऱ्यांच्या घोड्या व वेलबुट्टी कित्येकदां हस्तिदंती असत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९८६ सालीं दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा, व १९९१ च्या दुरुस्तीनें आफ्रिकेंतील हस्तिदंताचाहि व्यापार बंद झाला. विक्रेता मोठ्या अभिमानानें “खरा हस्तिदंत” म्हणूं लागला तर हात आखडता घ्यावा. कित्येकदां तें सेल्युलॉइडच निघतें, हा भाग वेगळा.

व्यवहार ठरल्यावर तारा उतरवून, मणी खालीं ओढून, तंबोरा खोळींत घालावा व उचलतांना दांडी आणि भोपळा दोहोंना हात द्यावा. घरीं तो बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवूं नये. पावसाळ्यांत ती भिंत ओल धरते. नव्या तारा घातल्यास पहिले आठ दिवस त्या रोज उतरतात आणि रोज चढवाव्या लागतात.