मतलई वारा आणि खारा वारा

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो. तो खारा वारा. रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वारा जातो. तो मतलई वारा. पावसाळ्यात मात्र मोसमी वाऱ्याचा जोर असतो. माझे आजो सांगतात, "पयली इंजिना नाय होती. मतलयार शीड लावून भायर जावचा आणि खाऱ्या वाऱ्यार घराक येवचा."

हा वारा का फिरतो? उन्हाने वाळू लवकर तापते, पाणी सावकाश तापते. जमिनीवरची तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. तिच्या जागी समुद्रावरची गार हवा येते. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून वारा उलटा फिरतो. म्हणजे गरम-गार असा फरक असेल तरच वारा. फरक संपला की वारा पडला.

फरक आपोआप कमीच होतो. चहा निवतो, पण निवलेला चहा आपोआप गरम होत नाही. असे का? बाईंनी आम्हाला चार रंगांच्या ४ गोट्या दिल्या आणि जमिनीवर दोन खण आखले. गोट्या ठेवण्याच्या एकूण १६ रीती निघाल्या. चारही डाव्या खणात, अशी रीत १ च. दोन इकडे दोन तिकडे, अशा रीती ६. हवेचे कण तर मोजता न येण्याइतके. त्यामुळे सारखे पसरण्याच्या रीती फार फार जास्त, म्हणून तेच घडते. उष्णतेचेही तसेच. रीतींच्या या मापाला एन्ट्रॉपी म्हणतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियस यांनी १८६५ साली दिले. रीती मोजण्याची कल्पना ऑस्ट्रियाच्या बोल्ट्झमन यांची.

मग वारा कायमचा का पडत नाही? कारण सूर्य रोज नवा फरक करतो. आपणही रोज जेवतो म्हणून शरीर नीट चालते. मासा मेला की त्याचे खाणे, श्वास बंद होतात आणि तो कुजू लागतो. म्हणून पेटीत बर्फ घालतात. बर्फ माशाची उष्णता घेतो आणि स्वतः वितळतो.

गेल्या मे महिन्यात आम्हाला बर्फ वेळेवर मिळाला नाही. बांगडे नरम पडले आणि अर्ध्या दराने गेले. आई त्या रात्री जेवली नाही.

म्हणून मित्रांनो, बर्फ एकदा घालून भागत नाही. तो पुन्हा पुन्हा घालावा लागतो. सूर्यालासुद्धा रोज उगवावेच लागते.

— इयत्ता चौथी