मामा तलाव, ढिवर आणि बिघडलेला पाऊस

पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात पाऊस लांबला की शेतकऱ्याची बातमी होते, तलावात मासे धरणाऱ्या ढिवराची होत नाही. खरे तर दोघांचेही पोट त्याच पाण्यावर. गोंड राजवटीत कोहळी समाजाने हे तलाव बांधले, ते पुढे मालगुजार जमीनदारांकडे गेले. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि हे ‘माजी मालगुजारी’, म्हणजे मामा तलाव सरकारजमा झाले. आता पाणी सोडायचे ते शेतीसाठी, आणि मासेमारीचा ठेका मच्छीमार संस्थेकडे.

पाऊस किती बिघडला? पुण्याचे हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी कोसळणारी अतिवृष्टी तिपटीने वाढली. एकंदर मोसमी पाऊस मात्र क्षीण होत गेला. याचा हिशेब तलावावर असा लागतो: रोहू, कतला, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, बीज दरवर्षी विकत आणावे लागते, आणि तलाव भरल्याशिवाय ते सोडता येत नाही. पाऊस महिनाभर उशिरा आला की वाढीचा महिना गेला. पुढे एका रात्रीत सांडवा धो धो वाहिला, तर बोटुकली (बोटभर पिल्ले) पाण्याबरोबर पसार. बीजाची उधारी तेवढी राहते.

मरळ, मागूर, शिंगी या गावठी माशांचे तसे नाही. त्यांना हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे पाणी डबक्यापुरते उरले तरी ते तगतात. पावसाळ्याच्या तोंडाला गवताळ काठाशी, धानाच्या बांध्यांत ते स्वतःच वीण करतात. बीजाला पैसा लागत नाही आणि मरळीला भावही चांगला. तरी उत्पादन वाढवायच्या नादात तलावांत गवत खाणारा ग्रास कार्प आणि तळ उकरणारा सायप्रिनस सोडले गेले. काठ बेशरम नावाच्या झुडपाने व्यापले. गावठी माशांना लपायला, वीण करायला जागा उरली नाही. उष्ण, कोरड्या वर्षांत तगणारे मासेच आपण हटवले, हे मला बिघडलेल्या पावसाइतकेच गंभीर वाटते.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात कार्यकर्ते मनीष राजनकर यांनी ढिवरांसोबत उलटी वाट धरली. उन्हाळ्यात बेशरम उपटायची, उघडा पडलेला तळ नांगरायचा, पाऊस आला की त्यात पाणवनस्पती लावायच्या. कोणत्या माशाला कोणती वनस्पती लागते, हे ज्ञान ढिवरांचेच. या कामात बायका पुढे आहेत. मच्छीमार संस्थांच्या सभासद-यादीत मात्र त्या क्वचितच दिसतात.

2025 मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कर्ज-विम्याच्या सवलती येतील, त्या हव्यातच. पण पावसाच्या खंडात धानासाठी तलाव उपसला जातो, तेव्हा माशांसाठी किती पाणी राखायचे, हे शेतकरी आणि ढिवरांनी एकत्र बसून ठरवून लेखी करायला हवे. आणि वनस्पती रुजायला काही वर्षे लागतात. ती लावणाऱ्या संस्थेला ठेकाही तितका लांब मिळाला पाहिजे.