निवृत्तीनंतरचे घर : माथ्यावर की पायथ्याशी?

माउंटन बायकिंगची आवड असलेल्यांना निवृत्तीनंतर महाबळेश्वरला स्थायिक होण्याचा मोह पडतो. मात्र, तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्याचे चार महिने जांभ्या दगडाच्या निसरड्या वाटांवर सायकल चालविणे धोक्याचे ठरते. २००१ मध्ये हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाल्याने बांधकामावरही निर्बंध आहेत.

त्या तुलनेत सातारा सोयीचा. पाऊस बराच कमी, जिल्ह्याचे ठिकाण असल्याने रुग्णालये हाताशी आणि यवतेश्वर घाट चढून गेल्यास कास पठार सुमारे २५ किलोमीटरवर. फुलांच्या पठारावर मात्र सायकल न नेता ती रस्त्यावरच ठेवणे योग्य.

साठीनंतर मोडलेले हाड लवकर जुळत नाही. त्यामुळे घर निवडताना आधी रुग्णालयाचे अंतर मोजावे, मग डोंगरवाटेचे.