डोळ्यांचा शीण

आंधळगावच्या कोसा विणकराचे डोळे बारीक धाग्यावर शिणतात. आता तीच पाळी सेतू केंद्रात दाखले काढणाऱ्या पोरांवर आणि मोबाइलवर माहिती भरणाऱ्या गुरुजींवर आली आहे. एरवी मिनिटाला सुमारे १५ वेळा लवणारी पापणी पडद्याकडे टक लावली की ५-७ वरच येते. मग डोळे सुकतात, चुरचुरतात. शिवाय जवळचे पाहताना डोळ्यातला स्नायू आवळलेला असतो. लांब पाहिले की सैल होतो. म्हणून दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडच्या एखाद्या झाडाकडे २० सेकंद पाहावे. पडदा हातभर लांब, नजरेच्या जरा खाली असावा. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर नको. आणि चाळिशी लागली असेल तर ती लावावी की! मी दोन वर्षे लाजलो आणि डोकेदुखीच्या गोळ्या खात बसलो.