कान तयार होतो म्हणजे नक्की काय होतं?

आपल्या कॉलेजात प्रत्येक वर्गातले दोन-चार जण तरी जर्मन नाहीतर जपानीच्या क्लासला जातात. कुणाला एम. एस. करायचंय, कुणाला जपानी कंपनीत नोकरी हवीय. आणि बऱ्याच जणांची तक्रार एकच : "ग्रामर जमतं गं, पण ऐकायला लागलं की सगळे शब्द सारखेच वाटतात!" त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, "तू पेटी शिकलीयस ना, म्हणून तुला जमतं." हे इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ठरवलं, यात तथ्य किती आहे ते बघूच. शोधत गेले, तर निघाला आपल्या सिग्नल प्रोसेसिंगचाच विषय!

आधी परकीय आवाज ऐकू का येत नाहीत ते पाहू. कानात काही बिघाड नसतो. आवाज आत शिरतो, पण मेंदू त्याला फिल्टर लावतो. होस्टेलवरच्या उत्तरेकडच्या मैत्रिणींना 'बाळ' आणि 'बाल' यांतला फरक सांगून बघा, म्हणजे कळेल. 1984 साली जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक छान कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बाळांना तो जवळजवळ कळेनासा झाला होता. म्हणजे पहिल्या वाढदिवसाच्या आतच मेंदू ठरवून टाकतो, की आपल्या घरात हा फरक लागत नाही, तो सोडून द्या. हा दोष नाही. नको ते गाळलं म्हणूनच आपली भाषा आपल्याला इतकी झटपट कळते.

आता संगीताचा संबंध कुठे येतो? सगळ्यात स्वच्छ उदाहरण चिनी भाषेचं, म्हणजे मँडरिनचं. तिथे शब्दाचा अर्थ सुरावर ठरतो. 'मा' हा उच्चार वरच्या सुरात सरळ धरला तर आई, आणि सूर खाली नेऊन परत वर आणला तर घोडा! सूर असे चार आहेत : सरळ, चढता, खाली जाऊन वर येणारा आणि उतरता. यात ठरावीक हर्ट्झला महत्त्व नाही. पुरुषाचा आवाज खालचा, बाईचा वरचा, तरी दोघांचा 'मा' चिनी माणसाला बरोबर कळतो, कारण तो पट्टी नाही, सुराची चाल ऐकतो. आपल्याकडे कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये, तरी राग तोच राहतो ना? तसंच हे.

2007 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात पॅट्रिक वाँग, नीना क्राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी बोलणारी वीस माणसं घेतली. दहा जण बरीच वर्षं संगीत शिकलेले, दहा जण फारसं न शिकलेले. चिनी कुणालाच येत नव्हतं. डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना सिनेमा बघत बसवलं आणि कानात 'मी' हा उच्चार तीन वेगवेगळ्या सुरांत वाजवला. ब्रेनस्टेम म्हणजे मेंदूचा अगदी खालचा भाग, कानाकडून येणाऱ्या वायरिंगवरचं सुरुवातीचं जंक्शन म्हणा. तिथला विद्युत सिग्नल येणाऱ्या आवाजाच्या फ्रिक्वेन्सीबरोबर हलतो. संगीत शिकलेल्यांमध्ये हा सिग्नल मूळ सुराशी जास्त नेमका जुळत होता, आणि सर्वांत मोठा फरक त्या खाली जाऊन वर येणाऱ्या अवघड सुरात दिसला. गंमत म्हणजे कुणीही मुद्दाम कान देऊन ऐकत नव्हतं!

असं का व्हावं? संशोधकांचं म्हणणं असं, की मेंदूचे वरचे भाग खालच्या भागांना उलट संदेश पाठवतात. थोडक्यात, फीडबॅक लूप. "स्वर किंचित उतरलाय" हे वर्षानुवर्षं तपासता तपासता वरून खाली सूचना जात राहतात आणि खालचं सर्किटच सुधारतं. गुरुजी ज्याला 'कान तयार होणं' म्हणतात ते बहुधा हेच असावं.

पण थांबा, लगेच सगळ्यांनी गाण्याच्या क्लासला नाव घालू नका. 2006 मध्ये स्लेव्ह आणि मियाके यांनी इंग्रजी शिकणाऱ्या पन्नास जपानी लोकांची परीक्षा घेतली. सांगीतिक क्षमतेचा संबंध आवाज ओळखण्याशी आणि उच्चारांशी दिसला, व्याकरणाशी आणि शब्दसंग्रहाशी दिसला नाही. पाठांतर सगळ्यांनाच करावं लागतं!

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मुळात ज्यांचा कान चांगला तेच संगीताकडे वळत असतील तर? याचं थोडं उत्तर 2018 च्या बीजिंगमधल्या एका अभ्यासात आहे. बालवाडीतल्या 74 मुलांचे तीन गट केले : एकाला पियानो, एकाला वाचनाचा जादा तास, एकाला जादा काहीच नाही. सहा महिन्यांनी, ज्या शब्दांत फक्त व्यंजनाचा फरक आहे ते ओळखण्यात पियानोवाली मुलं इतर दोन्ही गटांच्या पुढे होती. बुद्ध्यांक, लक्ष आणि स्मरणशक्ती यांत मात्र गटागटांत फरक नव्हता. म्हणजे संगीताने हुशारी वाढत नसेलही, पण कान घडतो.

मग पेटी-तबल्याला कधी हात न लावलेल्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठीही बातमी चांगली आहे. जपानी माणसाला इंग्रजीतला 'र' आणि 'ल' वेगळा ऐकू येणं फार कठीण. 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी काही जपानी लोकांना अशा जोड्या वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात ऐकवल्या आणि दर वेळी बरोबर की चूक ते लगेच सांगितलं. तीन आठवड्यांत त्यांचा कान सुधारला! इथेही फीडबॅकच.

तेव्हा एकाच सीडीवर किंवा एकाच टीचरच्या आवाजावर अवलंबून राहू नका, निरनिराळे आवाज ऐका. वाक्य पाठ करण्याआधी शब्द सोडून त्याची नुसती चाल गुणगुणा. 'प्रात' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आपला आवाज रेकॉर्ड करून सुराचा ग्राफ मूळ आवाजाशेजारी ठेवून बघा. ग्राफ जुळवायचं काम तर आपण लॅबमध्ये रोजच करतो!

आणि पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मला कानच नाही," तर त्याला सांगा, बाबा रे, कान जन्माबरोबरच मिळतो, तो तयार मात्र आपल्यालाच करावा लागतो.