डासाच्या अळीतून उचललेली पेशी

२००६ साली लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शिरूर अनंतपाळात माणसं भिंतीला धरून चालत होती. ताप तीन-चार दिवसांत उतरायचा, सांधे मात्र महिनोन्महिने धरलेले. मायला भरली कळशी उचलेना. नावात 'चिकन' ऐकून काहींनी कोंबडी खाणं सोडलं. खरं तर चिकुनगुन्या हा आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला शब्द. दुखण्यानं वाकून गेलेल्या माणसावरून पडलेला. रक्ताचे नमुने तपासायला पुण्याला जातात, एवढंच तेव्हा कानावर होतं. तिथं त्यांचं काय करतात हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

पुणे म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीनं ती व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली. जिवाणू वाढवणं हे विरजण लावण्यासारखं. दूध कोमट असलं की झालं. विषाणूला मात्र जिवंत पेशीच लागते. म्हणून पूर्वी रुग्णाचा नमुना उंदराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत टोचायचे आणि पिल्लं कधी मलूल पडतात याची वाट बघत बसायचे.

१९६७ मध्ये याच संस्थेतल्या के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस जातीच्या डासाच्या, अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेतल्या, बारीक चिरल्या आणि पोषक द्रवात ठेवल्या. अळ्या संपल्या, त्यांच्या पेशी मात्र वाढतच राहिल्या. पुढं १९७८ मध्ये जपानच्या अकिरा इगाराशींनी सिंगांच्या या पेशींमधून डेंग्यू आणि चिकुनगुन्या जोमानं वाढवणारा एक वाण निवडून काढला. त्याचं नाव सी६/३६.

हा वाण दिसायला अगदीच साधा. तळहाताएवढी चपटी प्लॅस्टिकची बाटली, तिला फ्लास्क म्हणतात. आत बोटभरसुद्धा नाही इतका द्रव आणि तळाला पेशींचा पातळ थर. माणसाच्या पेशींना ३७ अंश लागतात, डासाच्या या पेशीला २८ पुरतात. लातूरच्या उन्हाळ्यात हिच्यासाठी खोली गारच करावी लागेल. थर दाट झाला की पेशी खरवडून सोडवायच्या, थोड्या नव्या फ्लास्कमध्ये घालायच्या, ताजा द्रव ओतायचा. यालाच पॅसेज म्हणतात. सुट्टी असो की सण, पेशी थांबत नाहीत. गोठ्यातल्या जनावरासारखंच हे, धार चुकवून चालत नाही.

विषाणू या पेशीत इतका का फोफावतो, याचं उत्तर २०१० मध्ये मिळालं. विषाणूचा आरएनए कापून टाकणारं डायसर-२ नावाचं प्रथिन हिच्यात निकामी आहे. राखणदारच झोपलेला, मग शेत चरून जायला कितीसा वेळ?

अशी झोपलेली राखण हेपॅटायटिस सी वाल्यांना फार उशिरा सापडली. रक्तातून पसरणारा आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरणारा हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला, तो जनुकांच्या तुकड्यांवरून. त्याला वाढवायला कुणालाच जमत नव्हतं. रुग्णातून काढून पेशींवर टाकला की तो मुकाट पडून राहायचा. अखेर २००५ मध्ये तकाजी वाकितांनी जपानमधल्या एका रुग्णाकडून मिळालेला जेएफएच-१ हा वाण हुह-७ या पेशींत पूर्णपणे वाढवून दाखवला. ओळख ते वाढ, सोळा वर्षं! हुह-७ याही एका जपानी रुग्णाच्या यकृताच्या कर्करोगातल्या पेशी. त्यांचा आणखी सोपा उपप्रकार म्हणजे हुह-७.५, त्यात विषाणू आल्याची वर्दी देणारं आरआयजी-आय हे प्रथिन बिघडलेलं. म्हणजे पुन्हा झोपलेला राखणदारच. या कामात मोठा वाटा असलेल्या चार्ल्स राइस यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं. सिंगांचं नाव मात्र आपल्याकडं विज्ञान शिकलेल्यांनाही सांगावं लागतं. मला हे खटकतं.

विषाणू वाढवून जपून ठेवल्याचा उपयोग काय, ते २००६ च्या साथीनंतर दिसलं. त्याआधी महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली होती ती १९७३ मध्ये, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. तो विषाणू पुण्यात जपलेला होता. तिथल्याच विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुने-नवे विषाणू ताडून पाहिले. बार्शीचा आशियाई घराण्यातला निघाला, २००६ चा आफ्रिकी. मायचे गुडघे धरणारा ताप बार्शीकडून आलेला नव्हता.