घरच्या शाळेचे एक वर्ष : आखणी कशी करावी?

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या समाजातील बऱ्याच आईबापांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला : काही कारणाने मुलास वर्षभर शाळेत पाठविणे शक्य नसेल, तर घरी शिकवावे कसे? आमच्या घरी हा प्रसंग येऊन गेला आहे. आमचा नऊ वर्षांचा नातू चौथीत जाणार, तोच त्याच्या खुब्याच्या सांध्याचे दुखणे निघाले आणि वर्षभर धावणे व जिने चढणे बंद करावे लागले. शाळा तिसऱ्या मजल्यावर. मग इंदूरच्या आमच्या जुन्या वाड्यातील माडीखालच्या खोलीत जूनपासून जूनपर्यंत शाळा भरली. त्या अनुभवावरून चार गोष्टी येथे सांगतो.

प्रथम कायद्याविषयी, कारण पुष्कळांस तीच धास्ती असते. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घालणे हे त्यात पालकाचे कर्तव्य म्हटले आहे. पण न घातल्यास पालकास दंड करण्याचे कलम त्यात नाही. शाळेबाहेर राहिलेल्या मुलास त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळावा, असेही चौथे कलम सांगते. तरी शक्य तर मुख्याध्यापकांस भेटून, वैद्यकीय दाखला देऊन, मुलाचे नाव पटावर ठेवता येते का ते पाहावे. आमचे काम असेच झाले. मूल मोठे असेल आणि शाळेत परतणार नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे. तिच्या अ, ब आणि क या पायऱ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीच्या बरोबरीच्या धरतात. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तिच्या दहावीस बसता येते, आणि त्यात मराठी हा विषयही घेता येतो.

आता आखणी. आमचे पहिले वेळापत्रक आम्ही स्वतः मोठ्या हौसेने केले : आठ तास, मध्ये मधली सुट्टी, आणि देवघरातील घंटेचा टोला! नागपंचमीपर्यंत ते मोडून पडले. मुलगा कंटाळला, सूनबाई थकल्या, आणि आम्ही रागावू लागलो. चूक कोठे झाली हे हिशेब केल्यावर कळले. वरील कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस व ८०० तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाचे चार तास. हे चाळीस मुलांच्या वर्गाचे गणित. हजेरी, वह्या तपासणे, दंगा शांत करणे, सारे त्यातच येते. समोर एकच मूल असता अडीच तास पुष्कळ होतात, आणि तेही सकाळी, दोन बैठकांत.

दुसरी आखणी अशी केली. वर्षाचे आठवडे ५२. त्यांतून गणपती, दसरा, दिवाळी, पाहुणे, आजारपण आणि मे महिन्याचा उन्हाळा मिळून १२ वजा केले, उरले ४०. त्यांतील प्रत्येक पाचवा आठवडा मुद्दाम कोरा ठेवला. मागे पडलेले काम त्यात उरकावयाचे, आणि मागे काहीच नसेल तर सुट्टी. म्हणजे धड्यांचे आठवडे ३२. गणिताच्या पुस्तकात चौदा धडे असले तर दर धड्यास दोन आठवडे देऊन चार शिल्लक राहतात, आणि ते चारही लागतात. आमचे तर अपूर्णांकांनीच खाल्ले. आम्ही नातवाकडून पावकी-निमकी घोकून घेतली होती, पाठ चोख. एके दिवशी सूनबाईंनी सहज विचारले, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? “चार मोठे, म्हणून चतुर्थांश,” असे उत्तर आले! आमचा सारा अभिमान उतरला. पुढचे तीन आठवडे पाटी बाजूस ठेवून भाकरीचे तुकडे आणि पाण्याची मापे यांवरच काम केले.

मराठीचा विषय आम्हां इंदूरकरांस जास्त जिव्हाळ्याचा. घरात मुले मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी व हिंदी वाचतात, आणि मराठी पुस्तक हाती दिले की अडखळतात. लिपी एकच असल्यामुळे ‘वाचता येतेच की’ असा आपला समज असतो. तो खोटा आहे. ‘ळ’ त्यांच्या हातून ‘ल’ होतो, ‘दऱ्या’तील र कोठून आला ते कळत नाही, ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील च वेगळा हे कोणी दाखविलेले नसते, आणि नपुंसकलिंग तर हिंदीत नाहीच. शब्दही फसवितात. रस्त्यावरच्या भिंतीवर ‘शिक्षा का अधिकार’ वाचून नातवाने विचारले, “आजोबा, शिक्षा करण्याचा अधिकार कोणाला?” तेव्हापासून अशा शब्दांची एक वेगळी वहीच केली, ‘चेष्टा’ हा त्यातला दुसरा शब्द. व्याकरण असे हिंदीच्या शेजारी ठेवून शिकविले तर मुलास गंमत वाटते. वाचनासाठी महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके व १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संगणकावर विनामूल्य मिळतात. रोज एक पान मोठ्याने वाचावयाचे, एवढाच नियम आम्ही पाळला.

विज्ञान-भूगोलासाठी पुस्तकापेक्षा अंगण बरे. नातवास फिरता येत नव्हते, म्हणून अंगणात एक मीटरची काठी उभी केली व दर रविवारी मध्यान्हीच्या सावलीची खूण केली. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस असल्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास एकदा आणि पुन्हा जुलैच्या आरंभी सूर्य बरोबर डोक्यावर येतो व काठीची सावली नाहीशी होते. (जुलैत ढग आड येतात, ही अडचण आहेच.) उलट २१ डिसेंबरच्या सुमारास सावली काठीएवढी, किंचित अधिकच भरते. मध्यान्ह घड्याळात बाराला न होता साडेबाराच्या आसपास का होते, हा प्रश्न त्यानेच काढला. आपले घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचे आणि इंदूर जवळपास शहात्तरावर. एका अंशास चार मिनिटे. त्या दिवशी रेखांश कळले, ते पुन्हा शिकवावे लागले नाहीत.

पाण्याचा धडाही घरच्या नळावरून झाला. नर्मदेचे पाणी जलूदहून पंपांनी घाटावर चढवून इंदुरास येते. ते वापरून सांडले की कान्ह नदीत, तेथून क्षिप्रेत, चंबळेत, यमुनेत आणि गंगेत. जे पाणी पश्चिम समुद्रास मिळावयाचे ते आमच्या मोरीतून पूर्व समुद्राकडे निघते! नकाशावर ही वाट त्याने निळ्या पेन्सिलीने स्वतः काढली. दिवाळीनंतर डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर मोटारीने उज्जैनची वेधशाळा दाखविली. काठीचा अभ्यास झालेला असल्यामुळे सम्राट यंत्र त्यास समजावून सांगावे लागले नाही.

दोन गोष्टी मात्र आमच्या उशिरा ध्यानात आल्या. एक, सर्व भार एकट्या आईवर पडता कामा नये. मूल घरी म्हणजे आईस चोवीस तास शाळा. आम्ही पुढे गणित काकांकडे, मराठी व अंगणातील प्रयोग आमच्याकडे, आणि इंग्रजी-हिंदी सूनबाईंकडे अशी वाटणी केली, आणि दुपारी दोन ते चार कोणीही त्यांच्याकडे मुलास पाठवावयाचे नाही असे ठरविले. दुसरी, सोबती. अभ्यास मागे पडला तर भरून निघतो. सवंगडी तुटले की मूल अबोल होते. आमचा नातू ऑक्टोबरात खिडकीपाशी बसून राहू लागला तेव्हा आम्ही जागे झालो. मग शनिवारी संध्याकाळी वर्गातील चार मुलांस कॅरम आणि पोह्यांचे आमंत्रण सुरू झाले, ते शेवटपर्यंत चालले. हे जूनपासूनच करावयास हवे होते.

रोज काय झाले याची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी. परतताना वर्गशिक्षकांस तिचा उपयोग होतो. फेब्रुवारीत शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणून सोडवून घ्याव्या. आमच्या नातवास उत्तरे येत होती, परंतु पेपर अर्धाच झाला, कारण वर्षभर त्यास घड्याळ लावून कोणी लिहावयास सांगितले नव्हते. म्हणून मार्चपासून रोज वीस मिनिटे शुद्धलेखन, एक दिवस मराठी व एक दिवस इंग्रजी, असे ठेवले, आणि शाळा उघडण्याच्या तीन आठवडे आधी सकाळी सहाला उठणे सुरू केले. या शेवटच्या नियमास त्याच्यापेक्षा आमच्याच घरातून अधिक विरोध झाला.